मोडी दप्तराचे लिप्यंतर : बैठकीच्या आणि विसाव्याच्या नोंदी

७ जून २०२४, शुक्रवार

वाई तालुक्यातील एका गावच्या देवस्थानाचे मोडी दप्तर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देण्याचे काम आजपासून हाती घेतले. कागदांची छायाचित्रे गेल्या हिवाळ्यातच काढून झाली असून एकूण ४१२ प्रतिमा आहेत; मूळ कागद तीन रुमालांत बांधून देवस्थानच्या कपाटात परत गेले आहेत. बहुतेक कागद जमाखर्चाचे आहेत. त्यांत वार्षिक ताळेबंद, रोजकीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाचे, सुटे बंद आणि थोडी पत्रे असून त्यांचा काळ थोरल्या माधवरावांच्या अखेरीपासून सवाई माधवरावांच्या अखेरीपर्यंतचा दिसतो. गणेश चतुर्थीपूर्वी, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत, काम पुरे करण्याचे विश्वस्तांना कबूल केले आहे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर रोज सहा-सात प्रतिमा वाचून व्हायला हव्यात.

पडताळणीसाठी शेजारचे अण्णा येणार आहेत. ते निवृत्त तलाठी असून मोडी त्यांनी वडिलांकडून घरीच शिकून घेतली. मी सकाळी उतरवून ठेवायचे आणि दुपारी तीननंतर त्यांनी ते मूळ प्रतिमेशी ताडून पाहायचे, असे ठरले आहे. या कागदांवरील कालगणनेचे, म्हणजे शुहूर सनाचे, वर्ष मृगापासून बदलते आणि आमचे कामही मृगाच्या तोंडावरच सुरू होत आहे, याचा अण्णांना फार आनंद झाला.

१४ जून, शुक्रवार

पहिल्या आठवड्यात ४१ प्रतिमा उतरवल्या आणि त्या संख्येवर मी खूश होते. पण आज दुपारी त्यांतील ११ प्रतिमा चुकीच्या वर्षात गेल्याचे उघडकीस आले.

चूक कशी झाली ते सविस्तर लिहून ठेवते, कारण या कामाची सगळी अडचण तिच्यात आहे. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. आधी एकम, मग दशक, मग शतक आणि शेवटी हजार. कागदावर ‘समान सबैन मया व अलफ’ असे होते, म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सन ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७-७८ येते. मी वाचले ‘सबा समानीन मया व अलफ’, म्हणजे सन ११८७, इसवी सन १७८६-८७. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, समान म्हणजे आठ, समानीन म्हणजे ऐंशी. चारही शब्द ‘स’ने सुरू होतात, आणि मोडीत रेघ आधी ओढून त्याखाली अक्षरे न थांबता लिहिली जात असल्यामुळे शब्द तुटत नाहीत. तरी हे शब्द मी दोन वर्षे रोज वाचत आले आहे, त्यामुळे अज्ञान हे कारण नव्हे.

चूक अण्णांनी पकडली. ताळेबंदाच्या डोक्यावर ‘गुदस्त सालची शिल्लक’, म्हणजे मागील वर्षाची शिल्लक, ४६। रुपये होती. अण्णा म्हणाले, ‘ताई, ही सेहेचाळीस रुपये एक पावलीची शिल्लक मी सोमवारी वाचली आहे. सबा सबैनच्या ताळेबंदाच्या शेवटी होती. हा त्याच्या पुढच्या सालचा कागद आहे, दहा वर्षांनंतरचा नव्हे.’ शिल्लक नसती तर हे ध्यानात आले नसते आणि देवस्थानच्या इतिहासात एका वर्षाचा खर्च भलत्याच वर्षी जाऊन बसला असता.

संगणकातील नोंद पाहिली. त्या अकरा प्रतिमांचे मथळे मी गुरुवारी सकाळी नऊ ते बारा या सलग तीन तासांच्या शेवटच्या पाऊण तासात वाचले होते. मध्ये उठले नव्हते. थकवा आल्याचेही त्या वेळी मुळीच जाणवले नव्हते. उलट काम हातासरशी भराभर चालले आहे, असे वाटत होते.

१७ जून, सोमवार

रविवारी या एका गोष्टीवर विचार केला आणि आजपासून वेळेची वेगळी नोंद ठेवण्यास आरंभ केला. उतरवलेल्या मजकुराच्या समासात मी दर दहा मिनिटांनी घड्याळातील वेळ लिहिते. दुपारी अण्णा लाल शाईने दुरुस्त्या करतात. दोन्ही शेजारी ठेवले की बैठकीच्या कोणत्या भागात कोणती चूक झाली ते डोळ्यांसमोर येते. महिनाभर हे केल्याशिवाय काही ठरवायचे नाही, असे मनाशी पक्के केले आहे.

१९ जून, बुधवार

बैठकीची लांबी कोठून तरी सुरू करावी लागते म्हणून सर्वांना ठाऊक असलेली पोमोदोरो पद्धत घेतली. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळ लावून अभ्यास केला, आणि इटालियन भाषेत टोमॅटोला जे म्हणतात तेच नाव पद्धतीला पडले. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विसावा आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठा विसावा, एवढाच तिचा आराखडा आहे.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे एक घटकाच की.’ खरोखरच घटका २४ मिनिटांची असते. दिवसरात्रीच्या साठ घटका, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. अण्णांच्या घरी लग्नात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत असत. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरून बुडाली की घटका भरली असे समजायचे आणि गुरुजी पुढची घटका मांडायचे. आमच्या नोंदींत पंचवीस मिनिटांच्या बैठकीला यापुढे घटकाच म्हणायचे ठरले. एक मिनिटाच्या फरकाने कोणाचे बिघडत नाही.

२६ जून, बुधवार

घटकेचा पहिला आठवडा संपला. ८८ प्रतिमा झाल्या आहेत, त्यांत चुकीच्या वर्षात गेलेल्या अकरा प्रतिमांचे पुनर्वाचनही आले. चुका कमी झाल्या, हे निश्चित. परंतु गजराचा मला त्रास होऊ लागला आहे, आणि तो केवळ आवाजाचा नाही.

जमाखर्चातील प्रत्येक कलम हे एक वाक्य असते. कोणाला, कशाबद्दल, कोणाच्या गुजारतीने म्हणजे हस्ते, किती. ते वाक्य तीन-चार ओळींत पसरलेले असते, विरामचिन्ह कोठेही नसते, आणि रक्कम सर्वांत शेवटी येते. गजर मध्येच वाजला की उठून येईपर्यंत कर्ता हरवतो आणि पुन्हा कलमाच्या सुरुवातीपासून वाचावे लागते. शिवाय लेखक बदलला की त्याच्या अक्षराचे वळण डोळ्यांत बसायला दहा-बारा मिनिटे जातात. पेशवेकाळातील मोडीत चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी नावाजलेली वळणे आहेत, पण गावच्या कारकुनाचे वळण यांपैकी एकाही चौकटीत नीट बसत नाही; तो आपला ‘व’ आणि ‘ब’ कसा काढतो हे त्याच्या दहा-पंधरा ओळी वाचल्यावरच कळते. नव्या हाताचा कागद असेल तर घटकेतला निम्मा वेळ ओळख होण्यातच जातो, आणि ओळख झाली की गजर वाजतो.

अण्णांनी यावर शेतातला दाखला दिला. नांगराच्या एका ओळीला ‘तास’ म्हणतात. त्यांचे वडील सांगत, तासाच्या मध्यात बैल थांबवायचे नाहीत. बांधाला आले की थांबवायचे, वळवायच्या आधी क्षणभर उभे करायचे, जू जरा सैल करायचे. मध्येच थांबवले तर पुढचा तास वाकडा जातो, आणि बैल स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहिली तर त्या दिवसाचे औत संपलेच समजायचे. हे ऐकल्यावर मी गजराचा आवाज बंद केला. आता घटका भरली की पडद्याच्या कोपऱ्यात नुसती खूण उमटते. चालू कलम पुरे करायचे, नवे उघडायचे नाही, आणि उठायचे.

३ जुलै, बुधवार

समासातील वेळा आणि लाल दुरुस्त्या यांचा पंधरा दिवसांचा मेळ आज घातला. अपेक्षेपेक्षा वेगळे चित्र निघाले.

बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांत चुका बऱ्याच आहेत. पण त्या जवळजवळ सगळ्या न वाचलेल्या जागा आहेत. तेथे मी प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले आहे. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत लाल शाई तुरळक दिसते. बैठक लांबली तेथे पस्तीस मिनिटांनंतर ती पुन्हा वाढते, पण तेथे प्रश्नचिन्ह एकही नाही. तेथे मी वाचले आहे, खात्रीने वाचले आहे आणि चुकीचे वाचले आहे.

एक कागद नमुन्यादाखल लिहून ठेवते. देवाच्या एका पक्षाचा, म्हणजे पंधरवड्याचा, खर्च असा आहे : नंदादीपास तेल ३॥।, नैवेद्यास तांदूळ ४।, वाती व कापूस ॥, ब्राह्मणांस दक्षिणा २॥, गुरवास १॥, आणि बेरीज १२॥. अपूर्णांक उभ्या काड्यांनी दाखवलेले असतात. एक काडी पाव, दोन काड्या अर्धा, तीन काड्या पाऊण. मी तेलापुढे ३॥ लिहिले होते. बेरीज करून पाहिली असती तर १२। आली असती आणि पावली कमी पडल्याचे तेथेच कळले असते. ती मी केली नाही, कारण त्याआधीच्या तीन पक्षांत तेलाचा खर्च साडेतीन रुपयेच होता आणि डोळ्यांनी चौथ्या वेळी कागदावरचे न पाहता आठवणीतले लिहिले. तिसरी काडी पुसट नाही. आज ताज्या डोळ्यांनी पाहिली तर ती शेजारच्या दोन काड्यांइतकीच ठसठशीत आहे.

थकलेला डोळा कमी पाहतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो कमी पाहतो आणि उरलेले स्वतःच्या पदरचे घालून पुरे करतो, म्हणून थकवा जाणवत नाही. अडखळणे थांबल्यामुळे उलट वेग वाढल्यासारखा वाटतो. गुरुवारच्या त्या भराभर चाललेल्या कामाचा उलगडा मला आज झाला. विसावा दमल्यावर घ्यायचा म्हटले तर या कामात तो नेहमीच उशिरा घेतला जाईल, कारण दमल्याची खबर देणारेच आधी दमलेले असते.

इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातील रडारवरच्या सैनिकांच्या प्रश्नावरून जे प्रयोग केले आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांची येथे आठवण होते. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक ठेक्याने पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी घेई; ती उडी दिसली की कळ दाबायची, असे दोन तास बसायचे. उड्या हुकण्याचे प्रमाण पहिल्या अर्ध्या तासातच वाढले. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली तेव्हा मात्र लक्ष टिकून राहिले. तिसरी काडी ही माझ्यासाठी ती दुप्पट उडीच आहे.

९ जुलै, मंगळवार

आता प्रश्न विसाव्यात काय करायचे हा. पहिले दोन आठवडे मी पाच मिनिटांत मोबाईल पाहत होते. नातेवाइकांच्या गटावर कोणाच्या तरी साखरपुड्याच्या तारखेचा घोळ चालू होता. मी एक उत्तर टाकून परत कागदाकडे येई आणि पुढच्या दोन कलमांत मन तिकडे अडकलेले असे. सोफी लेरॉय यांनी २००९ मधील आपल्या संशोधनात हेच दाखवले आहे की अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामातील लक्ष तेवढे कमी करतो. त्यातून मोबाईल हेही वाचनच. तेच अंतर, तोच उजेड, तेच बारीक अक्षर. म्हणजे डोळ्यांना सुटी अशी मिळतच नव्हती.

नेत्रतज्ज्ञांनी गेल्या वर्षीच सांगितले होते की पडद्याकडे पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच घटते, डोळे कोरडे पडतात आणि जवळचे पाहण्यासाठी आखडलेला आतला स्नायू दूर पाहिल्याखेरीज सैल होत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा त्यांचा सल्ला तेव्हा मी ऐकून सोडून दिला होता. आता घटका भरली की मी गच्चीवर जाते आणि पांडवगडाकडे पाहते. ढग उतरलेले असले तर गड दिसत नाही. मग शेजारच्या परसातील आंब्याचा शेंडा पाहायचा. मोबाईल आता स्वयंपाकघरातील फडताळात असतो, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो तेथेच राहतो.

मान आणि मनगट यांची तक्रार गच्चीच्या जिन्यानेच बरीचशी मिटवली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. काम बंद. एकूण १७६ प्रतिमा.

२५ जुलै, गुरुवार

चार दिवस पाऊस खळलेला नाही, कृष्णेचे पाणी चढते आहे आणि काल दिवसभर वीज नव्हती. बुडालेला दिवस भरून काढण्यासाठी आज मी स्वतःचाच नियम मोडला आणि सकाळी अडीच तास सलग बसले. आठ प्रतिमा झाल्या. दुपारी अण्णांनी त्यांपैकी तीन जवळजवळ पूर्ण लाल केल्या, आणि त्या दुरुस्त करण्यात उद्याची पहिली बैठक जाणार आहे. हिशेब मांडला तर आजची कमाई पाच प्रतिमांची आहे आणि तीही उद्याच्या वेळेवर उसनी घेतलेली. अण्णा एवढेच म्हणाले, ‘ताई, घाई झाली होती का?’ मी हो म्हटले आणि त्यांनी चहा होईपर्यंत विषय बदलला.

त्या लाल झालेल्या कागदांपैकी एक पुन्हा पाहताना मात्र एक गोष्ट नजरेस आली, जी इतके दिवस समोर असूनही मी पाहिली नव्हती. बोरूने लिहिलेल्या ओळीत शाई भरल्यावरची पाच-सहा अक्षरे काळीभोर असतात, मग रंग उतरत जातो, आणि पुन्हा एकदम काळे अक्षर येते. तेथे कारकुनाने हात उचलून बोरू दौतीत बुडवला. पानाच्या मध्यापर्यंत रेषा जाड आणि बोथट होत जाते, आणि एका कलमाच्या आरंभी ती अचानक पुन्हा बारीक होते. तेथे त्याने चाकूने बोरूचे टोक तासून घेतले असणार. या कागदावर अशी तासणी दोनदा दिसते आणि दोन्ही वेळा ती कलम संपल्यावर आहे. त्याच्या हत्यारानेच त्याला थोड्या थोड्या वेळाने थांबवले. माझ्या कळफलकाला तासायचे टोक नाही आणि बुडवायची दौत नाही, त्यामुळे ते थांबणे मला बाहेरून आणावे लागते.

२ ऑगस्ट, शुक्रवार

२५१ प्रतिमा. आज सकाळची पहिली पाच मिनिटे माझ्या या महिन्यातील सर्वांत समाधानाची होती.

काल संध्याकाळी एका पत्रात ‘देवाससरकारातूनदरसालतेलाबद्दल’ अशी ओळ आली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, तेव्हा कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे. मी ते ‘देवास सरकारातून’ असे वाचले आणि माळव्यातील देवासच्या पवारांकडून आमच्या गावच्या देवाला तेलाची नेमणूक होती, या कल्पनेने उत्साहित झाले. तासभर संदर्भ धुंडाळले. पवारांचा या गावाशी संबंध कसा आला असेल याचे दोन तर्कही वहीत लिहून काढले. अण्णांना दूरध्वनी करणार होते, पण रात्रीचे साडेनऊ वाजले होते म्हणून राहिले. रात्री निजण्यापूर्वी शब्द अडलेल्या शब्दांच्या वहीत टाकला आणि दिवा मालवला. सकाळी वही उघडताच तो आपोआप सुटला. देवास, सरकारातून. म्हणजे देवाला, सरकारकडून. ‘देवास’ ही साधी चतुर्थी आहे. पुढच्याच ओळीत ‘देवाचे पुजारी’ आहेत, तेही मी काल वाचले होते.

अडलेल्या शब्दांची वही ही या कामातील माझी सर्वांत उपयोगी सोय ठरली आहे. पूर्वी अडलेल्या शब्दापाशी मी हट्टाने बसून राही, आणि जितके अधिक पाही तितके पहिले चुकीचे वाचनच घट्ट होत जाई. आता तीन मिनिटे प्रयत्न करायचा, शब्दाचे छायाचित्र कापून वहीत चिकटवायचे आणि पुढे जायचे. वहीत आजवर ६३ शब्द गेले. त्यांतील ४० हून अधिक दुसऱ्या दिवशी सकाळी सुटले, काही अण्णांनी सोडवले आणि नऊ अजून तसेच आहेत. झोप ही कामाच्या बाहेरची गोष्ट आहे असे मला आता म्हणवत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुपारच्या वेळेचा बंदोबस्त करायला मला उशीर झाला. जेवणानंतर दीड ते तीन या वेळात काहीही वाचले तरी ते पुन्हा वाचावे लागते, हे जूनमध्येच दिसत होते. पण दिवसाउजेडी आडवे होण्याचा संकोच वाटत असे. घरात आजोबा जेवणानंतर डाव्या कुशीवर वीस मिनिटे पडत आणि कोणी त्यांना हाक मारत नसे. ती वामकुक्षी मी गेल्या सोमवारपासून सुरू केली आहे. पहिले दोन दिवस पाऊण तास झोपले आणि उठल्यावर झोपेचा अंमल तासभर उतरला नाही. गाढ झोपेतून मध्येच उठल्यावर असे होतेच. आता वीस मिनिटांचा गजर लावते. त्यानंतर तीनपर्यंत प्रतिमांना क्रमांक देणे, वर्षवार लावणे, व्यक्तींची आणि गावांची सूची करणे अशी कामे करते, ज्यांत चूक झाली तरी ती लगेच दिसते.

एक प्रयोग फसला, तोही लिहिते. नथॅनियल क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांचे मत असे होते की झोपेत आढळणारे सुमारे ९० मिनिटांचे आवर्तन जागेपणीही चालू राहते. त्यावरून अनेकजण दीड तासाची बैठक सुचवतात. मी ती तीन दिवस करून पाहिली. लेखन करणाऱ्याला किंवा गणित सोडवणाऱ्याला ती मानवत असेल. मोडीच्या काड्या मोजणाऱ्याला ती मानवत नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

३५० प्रतिमा. विश्वस्तांपैकी एकजण आज घरी आले होते. त्यांनी विचारले की रोज मिळून साडेतीन-चार तासच वाचन का होते, आठ तास बसलात तर काम दुपटीने होणार नाही का. प्रश्न रास्त होता आणि त्यात कामाबद्दलची आस्थाच होती, म्हणून त्यांना समासातील वेळा आणि लाल शाई दाखवली आणि सध्याची रीत समजावून सांगितली. तीच येथे नोंदवते.

जमाखर्चाचे कागद एका घटकेचे. काड्या आणि आकडे डोळ्यांना सर्वांत लवकर फसवतात. पत्रे दोन घटकांची, म्हणजे मुहूर्तभराची, कारण पत्रातला अर्थ वाचणाऱ्याला पुढे नेतो आणि मध्ये तोडणे महाग पडते. नवा हात समोर आला तर त्या दिवशी प्रतिमा मोजायच्या नाहीत; तासभर सावकाश वाचायचे, त्याच्या अक्षरांचा तक्ता करायचा आणि मग मोठी विश्रांती घ्यायची. सनाचे शब्द आणि रकमा यांचे वाचन फक्त सकाळच्या पहिल्या दोन बैठकांत. प्रत्येक पानाची बेरीज उठण्यापूर्वी करायची, परत आल्यावर नव्हे. आणि उठताना पुढच्या बैठकीची पहिली ओळ कागदावर लिहून ठेवायची, म्हणजे परत आल्यावर कोठून सुरू करायचे हे शोधण्यात वेळ जात नाही आणि विसाव्यातही ते मनात घोळत नाही.

अण्णांच्या पडताळणीलाही आम्ही हेच लावले आहे. ते मोठ्याने वाचतात आणि मी उतरवलेला मजकूर पाहते. एका घटकेनंतर पाळी बदलते. पाळी बदलणे म्हणजे विश्रांती, असे आम्ही आधी धरले होते. तसे नाही. आवाजाला विश्रांती मिळते, डोळ्यांना मिळत नाही. आता पाळी बदलण्यापूर्वी दोघेही गच्चीवर जातो. अण्णांना गुडघ्यामुळे जिना जड जातो, तर ते ओसरीवर बसून रस्त्यावरची वर्दळ पाहतात.

ते गृहस्थ जाताना म्हणाले की चूक असलेल्या वर्षापेक्षा उशीर झालेला परवडला. मला हायसे वाटले.

५ सप्टेंबर, गुरुवार

४०१ प्रतिमा झाल्या. मुदत उद्या संपते आणि अकरा प्रतिमा शिल्लक आहेत. आज सकाळी त्या रेटून पुऱ्या करण्याचा मोह झाला होता. दोन दिवसांचे काम एका दिवसात बसले असते. पण शेवटचे अकरा बंद एका नव्या कारकुनाच्या हातचे आहेत आणि त्याच्या मथळ्यांत तिसैनची, म्हणजे नव्वदीतली, दोन वर्षे लागोपाठ आली आहेत. नेमके जूनमध्ये जेथे घसरले होते तसेच हे ठिकाण आहे. विश्वस्तांना दूरध्वनी करून सांगितले की पूर्ण झालेला भाग उद्या मिळेल आणि उरलेले अकरा बंद गौरी-गणपती झाल्यावर. त्यांनी मान्य केले.

शनिवारी गणपती बसतील. आज चार वाजता अण्णा आणि मी शेवटच्या पूर्ण ताळेबंदाची बेरीज दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा ती कागदाशी जुळली आणि गुदस्त सालच्या शिलकेशीही जुळली. कलम संपले होते, म्हणून तेथेच थांबलो. तीन रुमालांचे क्रमांक, अजून न सुटलेल्या सात शब्दांची छायाचित्रे आणि नव्या हाताचा अर्धा झालेला अक्षरतक्ता एका पाकिटात घातला आणि पाकिटावर पुढच्या बैठकीची पहिली ओळ लिहिली :

प्रतिमा ४०२, ओळ पहिली, ‘सु॥ खमस तिसैन मया व अलफ, गुदस्त सालची शिल्लक’, रक्कम अजून वाचलेली नाही.